लिफ्टचा निबंध

निबंध तपासण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मला गेल्या शनिवारपर्यंत वाटत होतं. चौथीचे अडतीस निबंध मी दोन मधल्या सुट्ट्यांत हातावेगळे करते. सुरुवातीला दोन गुण, माहितीला चार, शेवटाला दोन, अक्षराला दोन. अठ्ठावीस वर्षं परळच्या या शाळेत हाच हिशेब चाललाय.

या वेळी विषय होता 'रोजच्या वापरातील एक वस्तू', माहितीपर. मुलं भरकटू नयेत म्हणून सुरुवात आणि शेवट मीच फळ्यावर लिहून देते. त्यामुळे सदतीस निबंध 'अशी ही छत्री मला खूप खूप आवडते' असे संपले. छत्रीच्या जागी कुणाचा पंखा, कुणाचा कुकर, एवढाच काय तो फरक.

अडतिसावा दीपिकाचा. तिने लिहिलं होतं :

'लिफ्टबाहेर दोन बाण असतात. लिफ्ट कुठेही असो, आपल्याला जिकडे जायचे तो बाण दाबावा. दार आपोआप उघडते, ओढू नये. हिरव्या कडेचे बटण म्हणजे तळमजला. त्याच्या खालचे दाबू नये, तिथे फक्त गाड्या असतात. दार बंद होताना आवाज येतो. तो रोजचाच आहे. घाबरू नये. खाली बाक आहे, तिथे बसावे.'

संपलं! सुरुवात नाही, शेवट नाही. शिवाय लिफ्ट खालच्या मजल्यावर असेल तर ती वर बोलवायला वरचाच बाण नको का? मी लाल पेनने खूण केली, 'तर्क चुकला'. माहितीला एक, अक्षराला दोन. दहापैकी तीन. चारच्या खाली म्हणजे शनिवारचा जादा वर्ग. मी राहते फणसवाडीत, तीन जिने चढून. लिफ्टशी माझा संबंध दातांच्या डॉक्टरकडे जाण्यापुरता, आणि तिथे लिफ्टमन असतो. पण हे तपासताना कुठलं आठवायला!

शनिवारी पालकसभा होती. दीपिका सकाळपासून शाळेतच होती, घरून तिची आजी आली. निळं लुगडं, हातात काठी. "जय भीम, बाई. मी राधाबाई. पोरीचे आईबाप कामाला गेलेत, म्हणून मी आले. एकटी आले, लिफ्टातनं."

शेवटचं वाक्य त्या जरा मोठ्याने बोलल्या. मग त्यांनीच सांगितलं : त्यांची चाळ पाडून टॉवर झाला आणि त्या सतराव्या मजल्यावर गेल्या. पहिल्याच आठवड्यात एकट्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि पाऊण तास वरखाली फिरत राहिल्या. त्यानंतर चार महिने एकट्या खाली उतरल्याच नाहीत.

"ही रोज जेवताना निबंध वाचून दाखवायची. आज दार लावलं, तिचा एकेक शब्द आठवला नि उतरले. किती मार्क दिले?"

दीपिका बाकाखाली बघत होती. तिला वही कालच मिळाली होती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी वाद घालते. "आजी, बाणाचं तेवढं तिने चुकीचं लिहिलंय."

"चुकीचं? चला मग, दाखवते."

मीही हट्टाला पेटले. सभा संपल्यावर तिघी निघालो. टॉवर शाळेच्या मागच्याच गल्लीत. लिफ्ट बारावर होती, ती खाली यायला हवी, म्हणून मी पुढे होऊन खालचा बाण दाबला. दीपिकाने तोंड उघडलं, आजीने तिचा हात दाबला. दार उघडलं. आत हेल्मेट घेतलेला एक तरुण होता. आम्ही शिरलो, राधाबाईंनी सतराचं बटण दाबलं, आणि लिफ्ट गेली खाली, पार्किंगमध्ये. तो उतरला. समोर स्कूटर आणि मोटारींच्या रांगा.

"गाड्या बघितल्यात ना?" राधाबाई म्हणाल्या. "आता वर जाऊ."

दार बंद होताना मोठा आवाज आला. मी दचकले.

"तो रोजचाच आहे," दीपिका हळूच म्हणाली.

सतराव्या मजल्यावर मी वही मागून घेतली आणि 'तर्क चुकला' खोडलं. पुढे पेन अडलं. माझ्या हिशेबात हे बसवायचं कुठे? शेवटी म्हटलं, "आजी, निबंध तुमच्यासाठी होता. दहापैकी किती, ते तुम्हीच सांगा."

त्या हसतील असं वाटलं, पण त्यांनी चांगला विचार केला. "नऊ द्या. बाकावर चारपर्यंत ऊन असतं, ते हिने लिवलं नाय. भाजले मी आज."

अठ्ठावीस वर्षांत मी असा एकही गुण कापला नव्हता.

दीपिकाने माझ्या हातातलं लाल पेन घेतलं, वही भिंतीवर टेकवली आणि शेवटच्या ओळीपुढे लिहिलं, 'चार वाजल्यानंतर बसावे. आधी ऊन असते.' मग तिने ते आजीला वाचून दाखवलं.

राधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आता दहा."

मी दहा लिहिले.