पेनड्राइव्हमधलं पिल्लू

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या काकू, दूधवाला, विमा एजंट, झाडून सगळा मजला एका काँप्युटरसमोर श्वास रोखून बसला होता. संगणकबुवांनी पेनड्राइव्ह खोचला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : पिल्लू.

"आलं! माझं पिल्लू आलं!" आई ओरडली.

बुवांनी डोळे मिटले. "देह जातो माऊली, डेटा जात नाही. पोरगं या पेनड्राइव्हमध्ये येऊन बसलंय. जागा अंमळ लहान आहे, पण सांभाळून घेतंय."

"किती जीबीत मावलं?" एजंटने हात जोडून विचारलं.

"आत्मा पुण्यवान असेल तर बत्तीसमध्येही मावतो."

ताई नुकतीच ऑफिसातून येऊन दारात उभी होती. काँप्युटरांत नवी सिस्टीम टाकणं हेच तिचं काम. हा काँप्युटर तिच्या धाकट्या भावाचा. तो अपघातात गेल्यापासून आई त्याच्या खोलीत कुणाला शिरू देत नव्हती. आज अख्खी इमारत चपलांसकट आत होती.

"आता 'इन्स्टॉल' दाबलं," बुवा म्हणाले, "की पिल्लू कायमचं या यंत्रात राहायला येईल. जुनं सगळं आपोआप शुद्ध होईल."

ताईला अर्थ कळला. शुद्ध होणार म्हणजे पुसलं जाणार. त्याचे फोटो, त्याने गाऊन ठेवलेली बेसूर गाणी. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तिने बुवांचा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला. उजवं बटण दाबलं, 'नाव बदला' निवडलं, काहीतरी टाइप केलं. पडद्यावर आलं : कोबी.

"अगं बाई," काकू कुजबुजल्या, "कोबीलाही आत्मा असतो?"

"नाही काकू. हे पेनड्राइव्हचं लेबल आहे, बरणीवर चिकटवतो तसलं. सिस्टीम टाकायच्या पेनड्राइव्हवर मुळात कंपनीचं लेबल असतं. कुठली आवृत्ती, कोणती भाषा, कसल्या काँप्युटरसाठी, हे आखूड खुणांत सांगणारं. पण ते कुणालाही बदलता येतं, आणि बदललं तरी आतला माल तोच राहतो. बुवा, घरातलं लाडाचं नाव तुम्हाला कसं कळलं?"

"अंतर्ज्ञान, बाळ."

"मीच फोनवर सांगितलं होतं," आई हळूच म्हणाली. "पिल्लूचा काँप्युटर बघायला या, म्हटलं."

बुवा तडक जिना उतरले. कोबी तिथेच राहिला. मागोमाग मजलाही पांगला.

"परत पिल्लू लिही ना त्याच्यावर," आई म्हणाली.

"आई, ते मी लिहिलेलं असेल गं."

"कळतं मला. तू लिहिलेलं चालेल."

ताईने पेनड्राइव्ह पुसला, त्यात भावाचे फोटो आणि गाणी भरली, मग नाव लिहिलं.

"आता आहे का तो आत?"

"त्याचा आवाज आहे, आई. तो नाही."

आईने मान डोलावली आणि त्याच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच मोकळी होऊन रडली.

कुणी चमत्कार दाखवला तर विचारायचं एवढंच : हे कुणी केलं, आणि आत खरंच काय आहे? ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला हे विचारायचं त्राण नसतं. तेव्हा शेजाऱ्यांनी हात जोडून बसू नये. त्याच्या वतीने विचारावं.