नागूबाईंनी ऑटो ठोकला

मुलीच्या, तुळजाच्या, साखरपुड्यासाठी साड्या घ्यायला नागूबाई मंठाळहून गुलबर्ग्याला आल्या होत्या. सोबत मुलगा मल्लेश आणि सून रूपा. साड्या झाल्यावर मल्लेशला पाण्याची मोटर दुरुस्त करून घ्यायची होती. त्यानं दोघींना मॉलमधल्या बाकावर बसवलं. "इथं गार हाय. मी येईस्तोवर हलू नका," असं बजावून तो गेला.

रूपाचं लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. सासू तिला रागवत नसे, पण फारसं बोलतही नसे. पिशव्या मांडीवर घेऊन दोघी बसल्या. समोर गेमची जागा होती. चाकं नसलेली एक लाल गाडी, आत स्टेअरिंग, पुढ्यात पडदा आणि पडद्यावर वाहनांनी भरलेला रस्ता. रूपाची नजर तिथून हलेना.

"खेळायचंय का?" नागूबाईंनी विचारलं.

रूपा दचकली. "कॉलेजात असताना खेळलेली, आत्याबाई."

"मग खेळ की. कोण बघायलंय इथं?"

रूपा गाडीत बसली आणि नागूबाई तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. "उजवीकडं घे! अगं बस आली, बस!" रूपानं बस चुकवली आणि गाडी थेट कलिंगडाच्या गाड्यावर घातली. पडदाभर कलिंगडं उडाली.

"अरारा! कुणा गरिबाचं नुकसान केलीस!" नागूबाई कळवळल्या.

"खोटं हाय ते. आता तुम्ही बसा."

नको नको म्हणत नागूबाईंनी निऱ्या सावरल्या आणि आत बसल्या. एका ऑटोमागं त्या इतक्या हळू जात राहिल्या, की मागच्या सगळ्या गाड्या पुढं निघून गेल्या.

"हॉर्न कुठाय गं?"

"यात हॉर्न न्हाई."

"मग हा सरकायचा कसा?"

"ठोका त्याला."

"ठोकू?"

"व्हय!"

नागूबाईंनी पायाखालचं पेडल दाबलं. ऑटोनं जागच्या जागी गिरक्या घेतल्या आणि तो पुन्हा रस्त्याला लागला. आतल्या ड्रायव्हरनं हातसुद्धा हलवला.

"त्याला काय झालं न्हाई की!" नागूबाईंना खरंच वाटेना. मग मात्र त्यांनी कुणालाच सोडलं नाही. टेम्पो, जीप, वरातीची घोडागाडी, सगळ्यांना धडका देत सुटल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, पदर खांद्यावरून घसरला. तो रूपानं सावरला, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

मल्लेश परतला तर बाक रिकामा. हसण्याच्या आवाजावरून तो शोधत आला. "अव्वा, कामून ओरडायलीस? लोक बघायलेत."

"बघू दे. तू बाजूला हो, मला दिसंना."

शेवटी तोही खेळायला बसला आणि पहिल्याच वळणावर त्याची गाडी एका बसवर आदळून उलटली. खेळ संपला.

"आन् हा ट्रॅक्टर चालवतो म्हणं!" नागूबाई म्हणाल्या. सासूसमोर कधी मोठ्यानं न हसलेली रूपा खो खो हसली.

परतीच्या बसमध्ये मल्लेश मोटर पायाशी धरून पुढं बसला. मागं दोघींचं चालूच होतं. गेमवरून बोलणं रूपाच्या कॉलेजवर गेलं, तिथून तिच्या मैत्रिणींवर. हुमनाबाद आलं तेव्हा मल्लेशनं वळून विचारलं, "एवढं काय बोलायलाव?"

"आमचं हाय काहीतरी. तू पुढं बघ," नागूबाई म्हणाल्या, आणि सुनेकडं वळल्या. "हां, मग ती तुझी मैत्रीण काय म्हणली?"