वारा बांधणाऱ्याचं घर

खांदा लावून लावून गहिनीनाथने पंपघराचं दार कसंबसं ढकललं. बाहेर मोडलेल्या उसाचा ढीग दाराला अडून पडला होता. प्रवरेकाठचा हा पंप तोच चालवायचा. वादळ उठलं तशी मोटार बंद करून तो आत दगडी भिंतीला टेकून बसून राहिला होता. आता वारा पडला होता, आणि इतकी सामसूम होती की स्वतःच्या वहाणांच्या आवाजाने तो दचकत होता. बाभळीखाली मेलेल्या पोपटांचा सडा पडला होता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

गावात शिरला तर गाव ओळखू येईना. पत्रे उडून पार नदीत गेले होते, शाळेच्या भिंती बसल्या होत्या. माणसं ढिगाऱ्यांजवळ उभी होती, पण रडत कुणी नव्हतं. केशरबाईचा एकुलता एक लेक आसाराम गोठ्याच्या भिंतीखाली सापडला होता. त्याला नुकतंच काढून बाजेवर ठेवलं होतं. गहिनीनाथ पुढे झाला तशी माणसं मुकाट बाजूला सरली.

घराशी आल्यावर त्याला कारण कळलं. त्याचं घर जसंच्या तसं उभं होतं. एक कौल हललं नव्हतं. अंगणात दोरीवर बायकोचं लुगडं टाकलेलं होतं, तेही जागच्या जागी.

"अवो," पुष्पावती दारातूनच हळू आवाजात म्हणाली, "तुमी बांधला हुता का?"

"काय?"

"वारा."

गहिनीनाथच्या घराण्याचं ते कामच होतं. आभाळ फिरलं की त्याचा आजा, पुढे बाप, मारुतीपुढे उभा राहून मंत्राने वारा बांधायचा, वादळ वेशीबाहेर अडवायचा, आणि सुगीला गाव त्यांच्या घरी धान्य घालायचं. बाप गेला तो मंत्र न सांगताच. गहिनीनाथला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गावात वीज आली, पंप आला, त्याचा पगार सुरू झाला. धान्य मात्र येत राहिलं आणि हा पठ्ठ्या घेत राहिला. फुकटचं कुणाला नको असतं? लोक चेष्टेने म्हणत, "गहिनीनाथ, औंदा वारा घट बांध रं." तोही हसून म्हणायचा, "गाठ मारलीया."

वादळाच्या दिवशी सकाळीही तो तेच म्हणाला होता. आसारामने विचारलं होतं, "आभाळ बरं दिसंना. जनावरं सोडू का गोठ्यातनं?" गहिनीनाथ सायकलवर टांग मारत म्हणाला होता, "गाठ मारलीया, बिनघोर ऱ्हा."

आसारामची राख सावडून झाल्यावर तो केशरबाईकडे गेला. ती उघड्या चुलीपुढे बसली होती. डोक्यावर छप्पर नव्हतं.

"मावशी, मला त्यातलं कायबी येत न्हाई. आईच्यान सांगतो."

"येत न्हाई?" तिने वर पाहिलंही नाही. "मंग तुझं घर कसं ऱ्हायलं?"

त्याला स्वतःलाही हाच प्रश्न रात्री झोपू देत नव्हता.

"माझ्या लेकानं तुझ्यावर भरवसा ठिवला," ती म्हणाली. "तू तुझ्या घरापुरती गाठ मारलीस."

त्या दिवसापासून कुणी त्याच्याशी भांडलं नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त तो पारावर आला की बोलणं थांबायचं. बायका पोरांना पदराआड घ्यायच्या. त्याला वाटायचं, कुणीतरी एकदा शिव्या तरी द्याव्यात.

ज्येष्ठात एका दुपारी नेवाशाच्या बाजूने आभाळ पुन्हा पिवळं पडलं. पाखरं गप्प झाली. गहिनीनाथ धापा टाकत घरी पोहोचला, तर गल्लीगल्लीतून माणसं येत होती. म्हातारी, लेकुरवाळ्या, एका आजारी माणसाला तर बाजेसकट आणलं होतं. कुणी विचारलं नाही. सगळी त्याच्या घरात शिरली. सर्वांत मागे केशरबाई होती.

उंबऱ्यात ती थांबली.

"मावशी, खरंच मला..."

"उभा ऱ्हा हितंच," ती म्हणाली. "आमी हाव आत."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. पुष्पावतीही आतच होती.

दारावर थाप मारायला उचललेला हात गहिनीनाथने खाली घेतला. तो अंगणाच्या मधोमध गेला आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. धुळीचा लोट पंपघर गिळून गावाकडे येत होता. काय म्हणायचं ते त्याला येत नव्हतं. म्हणून तो आत बसलेल्या माणसांची नावं घेऊ लागला, मोठ्याने, एकामागून एक. केशरबाईच्या नावापाठोपाठ सवयीने आसारामचं नाव तोंडात आलं. तेही त्याने घेतलं.