पळालेली मुलगी

भ्रष्टाचाराची चीड आमच्या विद्यापीठाला इतकी, की तक्रार आली रे आली की समिती नेमून मोकळं होतं. नाजिशच्या तक्रारीवरही नेमली. धावण्याच्या निवड चाचणीत नाजिश पहिली आली होती. संघात नाव लागलं ते ज्योत्स्नाचं, क्रीडा संचालक इंद्रभान सरांच्या भाचीचं. सरांना प्रकरणाची खडान्‌खडा माहिती, म्हणून समितीचे सचिवही तेच. याला म्हणतात पारदर्शकता.

नाजिशचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धेची शेवटची संधी. कारंजा गावात गाद्या भरणाऱ्या चांदभाईंची ही पोर रोज पहाटे धनजच्या रस्त्यावर एसटीला मागे टाकायची, निदान पुढच्या थांब्यापर्यंत तरी.

अध्यक्ष मोठ्या शहरातले. कचोरी संपवून त्यांनी विचारलं, "हं, काय झालं?"

"सर, मी पळाली," नाजिश म्हणाली.

अध्यक्षांचा हात रुमालावरच थांबला. आमच्याकडे शर्यतीत सगळेच पळतात. त्यांच्याकडे मुली धावतात. पळतात त्या फक्त बातमीत.

"कुणाबरोबर?"

"साऱ्या पोरींसोबत."

"घरी माहीत होतं?"

"अब्बाच सोडाले आले होते."

अध्यक्षांनी पाणी मागवलं. "आणि ही ज्योत्स्ना?"

"ज्योत्स्ना त पळालीच नाई! अर्ध्यातून सरायच्या गाडीवर बसून आली."

"म्हणजे सरांनी वेळीच परत आणली," अध्यक्ष कौतुकानं म्हणाले.

संघाची कर्णधार म्हणून मी साक्षीला उभी होते. मला राहवेना. "सर, शर्यतीचं सांगून राह्यली नाजिश!"

"तेच तर. आजकालच्या मुलींना ती शर्यतच वाटते."

जन्मभर शिट्टी फुंकत 'पळा पळा' ओरडलेले इंद्रभान सर एकाएकी छताचा पंखा न्याहाळू लागले. ती शिट्टी त्यांच्याच घशात कोंबावी असं मला वाटलं.

निर्णय लगोलग आला. इतकं चपळ विद्यापीठ मी कधी पाहिलं नव्हतं. पळण्याची सवय असलेल्या मुलीला परगावी पाठवणं जोखमीचं, सबब ज्योत्स्नाचं नाव कायम. शिवाय खेळातल्या प्रामाणिकपणावर एक कार्यशाळा, मार्गदर्शक इंद्रभान सर.

ज्योत्स्ना स्पर्धेला गेली आणि शेवटून पहिली आली. तिथे मैदानात गाडी सोडत नव्हते म्हणे.

नाजिशची संधी गेली ती गेलीच, वर गावभर बोभाटा. एका दुपारी मी तिच्यासोबत चांदभाईंच्या दुकानात बसले होते. ती जुन्या गादीतला कापूस मोकळा करत होती. एक गिऱ्हाईक आलं, उशीचा भाव विचारला आणि मग आवाज खाली आणून म्हणालं, "चांदभाई, पोरगी पळाली म्हने?"

नाजिशचे हात थांबले. चांदभाईंनी शिवणीचा दोरा दातानं तोडला.

"हाव," ते म्हणाले. "अन् अव्वल आली."