मुळाला लटकलेलं फोलपट

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी बायको रिता चारचौघांत सांगायची. तिच्याच कबरीशी मी ते खरं करून दाखवलं.

सकाळी चहा ठेवता ठेवता ती पडली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. दुपारी चारला तुमसरच्या कबरस्थानात आम्ही पेटी खाली सोडली. माझ्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं. चहाचं भांडं अजून घरी गॅसवर तसंच होतं.

राजकुमार पास्टर बोलू लागले, "दाणा मातीत पडून मरतो, तेव्हाच त्यातून पीक येतं. आपल्या रिताबाई..."

"मेलेला दाना उगवत नाई, पास्टर," मी म्हणालो.

बियाणं तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवायचे, चौदाव्या दिवशी कोंब मोजायचे. मेलेला दाणा बोटाखाली पिचतो, त्याला बुरशी येते. हेही मी तिथे सांगितलं, बुरशीसकट. पास्टरांनी हातातलं पुस्तक मिटलं.

तृप्ती, माझी बारावीतली मुलगी, मूठभर माती घेऊन उभी होती. लहानपणापासून ती आईबरोबर प्रार्थनेला जायची, मी रविवारी घरी पेपर वाचायचो. तिने मूठ आवळली.

"मंग मी माती नाई टाकत बाबा. आई नुसती सडन म्हनता ना तुमी?"

मला स्वतःची भयंकर चीड आली. पोरीजवळ धरायला तेवढं एकच उरलं होतं, तेही मी हिसकावून घेतलं.

माझी सासू पार्वताबाई करडी गावाहून, धानाची रोवणी अर्धी टाकून, चिखलाच्या पायांनीच आली होती. ती चर्चची पायरी कधी चढली नाही. लेक तिकडे जाऊ लागली म्हणून तिच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. ती उठली, कुंपणाच्या तारेखालून वाकून शेजारच्या शेताच्या बांधीत उतरली आणि रोवणीसाठी वाढवलेल्या पऱ्ह्यातलं धानाचं एक रोप उपटून आणलं. लोक बघतच राहिले. मुळं पदराला पुसून तिने माझ्यासमोर धरली. मुळाला दाण्याचं रिकामं फोलपट लटकलं होतं.

"जवाईबापू, आतला दाना कुठी गेला?"

"संपला."

"कोनं खाल्ला?"

उत्तर मला पाठ होतं. दरवर्षी प्रयोगशाळेतल्या नव्या लोकांना मीच शिकवतो.

"कोंबानं," मी म्हणालो. "मुळं धरेपर्यंत कोंब त्याच्यावरच जगते."

"मंग त्याले मेला म्हना का नोका म्हनू, मले नाई समजत. माही पोरगी सतरा वर्सं कोनासाठी झिजली, ते तरी तुमाले दिसते का नाई?"

तृप्तीने आजीच्या हातून रोप घेतलं. फोलपट निरखून पाहिलं. मग मूठ उघडली. माती पेटीवर पडल्याचा आवाज आला.

"आता तुमी टाका, बाबा."

मी वाकून माती उचलली. सगळे वाट पाहत होते. माझी मूठ काही उघडेना.