अंगठ्यातले पांढरे खडे

सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयात दर गुरुवारी माणसांच्या पायाच्या अंगठ्यातून खडे निघत. गर्दी एवढी की चपला पार फुटपाथपर्यंत. खराडीच्या आयटी कंपन्यांतले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले तरुणही लंगडत रांगेत उभे. इंटरनेट वापरता आलं म्हणजे विचार करता येतोच असं नाही.

मी नीरजा. पेठेतच माझी रक्त तपासायची लॅब आहे, त्यामुळे तपासल्याशिवाय मी सहसा काही मान्य करत नाही. मी तिथं गेले ती कोंडीरामसाठी. तो मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहणारा हमाल. त्याला गाऊट होता. त्यात रक्तातलं यूरिक अ‍ॅसिड वाढतं, त्याचे स्फटिक सांध्यात साचतात आणि अंगठ्याला चादर लागली तरी माणूस कळवळतो. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती, कलेजी, पाया आणि दारू बंद करून साय काढलेलं दूध आणि ताक घ्यायला सांगितलं होतं. पण या वेळचा रिपोर्ट वाईट होता. यूरिक अ‍ॅसिड साडेदहा (सहाच्या आत हवं), आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडाही वाढलेला. तो आकडा पाहून मला भीती वाटली.

"गोळी घेताय ना?" मी त्याला लॅबमध्ये विचारलं होतं.

"दोन महिने झाले, बंद हाय. दूध-ताकबी बंद. खडेबाबा म्हनले, पांढरं खाल्लं की अंगात पांढरे खडे धरतात."

"मग खाताय काय?"

"काळा रस्सा. पाया घालून."

शेजारी बसलेली त्याची बायको यमुनाबाई म्हणाली, "बाई, तुमी एकदा तिथं येऊन बगा. माझं ह्ये ऐकत न्हाईत."

म्हणून मी गेले. दारात एक सेवक प्रत्येकाला एकच विचारत होता, "दुखणं कधीपासून?" दिग्विजय नावाचा एक आयटीवाला भिंतीला धरून उभा होता, अंगठा टोमॅटोसारखा लाल.

"कालपासून."

"वात पिकलेला नाही. आठव्या दिवशी या."

दिग्विजय लंगडत रिक्षाकडे वळला. मला ही अट खटकली. दुखणं जोरात असताना परत पाठवणारा हा कसला वैद्य?

आत बाबांचं प्रवचन चाललं होतं. "दूध म्हणजे वात. दही म्हणजे वात. पांढरं ते सगळं खडे."

"आणि बिअर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तिचा रंग कोणता?"

"पिवळा."

"मग हरकत नाही." सभागृहाला हायसं वाटलं.

कोंडीरामची पाळी आली. त्याच्या दुखण्याचा नववा दिवस होता. बाबांनी अंगठ्यावर ओला कापूस ठेवला, वर तांब्याची वाटी पालथी घातली, ओठ हलवले आणि कापूस ताटात पिळला. टपटप पाच पांढरे खडे पडले. लोकांनी हात जोडले.

पूजेतलं एक कापलेलं लिंबू उचलून मी ते खड्यांवर पिळलं. खड्यांवर बारीक फेस आला.

"बाबा, यूरिक अ‍ॅसिडला लिंबानं फेस येत नाही. संगमरवराला येतो. या मोझेक फरशीत घालायच्या चिपा आहेत."

"बाईंना श्रद्धा नाही," बाबा शांतपणे म्हणाले.

"श्रद्धा नाही, पण हात आहेत," म्हणत मी बाजूच्या परातीतला, पुढच्या रोग्यासाठी ठेवलेला कापसाचा बोळा उकलला. आत पाच खडे होते. दुसऱ्यातही पाचच. बाबांना वाटप तरी एकसारखं करता यायचं.

कुजबुज सुरू झाली. पण कोंडीराम काही हलला नाही. "खडे खोटे असतील, मॅडम. पन माझा पाय दुखायचा थांबला, त्ये तर खरं हाय."

"पहिल्यांदा दुखला तेव्हा कुणाकडे गेला होतात?"

तो आठवू लागला. उत्तर यमुनाबाईनं दिलं. "कुणाकडं नाय. आठ दिवस मीच पानी तापवून देत व्हते. मग आपला आपन थांबला."

आठव्या दिवसाची अट मला तिथं उलगडली. गाऊटचा झटका बहुतेकदा आठ-दहा दिवसांत आपणच ओसरतो. बाबा रोग्याला तोवर घरी बसवत आणि ओसरत्या दुखण्याचं श्रेय घेत. मधल्या काळात पाया खाऊन, गोळी टाकून रोग आत वाढतच राही, मूत्रपिंडंही बिघडत, म्हणजे पुढचा गुरुवारही पक्का. हे मी तिथंच सगळ्यांना सांगितलं.

"म्हंजी माझी किडनी..." कोंडीरामनं विचारलं. मला खोटा धीर देता आला नाही.

"थोडी बिघडलीय, पण अजून वेळ आहे. आजच डॉक्टरांकडे चला."

तीन महिन्यांनी त्याचं यूरिक अ‍ॅसिड सहाच्या खाली आलं. ते मुख्यतः गोळीनं. साय काढलेल्या दुधानं, ताकानं आणि पथ्यानं हातभार लावला. दुधातली प्रथिनं यूरिक अ‍ॅसिड लघवीवाटे बाहेर पडायला मदत करतात. मूत्रपिंडाचा आकडा मात्र पूर्वीच्या जागी आला नाही. ते नुकसान कोंडीरामला जन्मभर सांभाळावं लागेल, आणि त्याचा मला अजून राग येतो.

बाबा सध्या दुसऱ्या पेठेत आहेत म्हणे. असतील. तुमचं दुखणं थांबलं तर कुणाचेही पाय धरण्याआधी एकच प्रश्न विचारा: यांच्याकडे गेलो नसतो, तर ते थांबलं नसतं का?