साळूबाईच्या डब्यातला ब्रेक पॅड

मित्रांनो, मी एक जुना, झिजून पापडाएवढा उरलेला ब्रेक पॅड आहे. हसू नका! तुमची गाडी कोण थांबवतं? तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर. अहो, तो नुसता पाय दाबतो. चाकाबरोबर गरगर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतो तो मी आणि माझा जोडीदार.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. भुकटी साच्यात दाबली, भट्टीत भाजली, पोलादी पाठीला चिकटवली, की झालो मी तयार. तिथून औरंगपुऱ्यात बद्रीनाथ मिस्त्रीच्या दुकानात आलो. माझा खोका करड्या रंगाचा. शेजारच्या फळीवर लाल-सोनेरी खोक्यांत शर्यतीच्या गाड्यांचे पॅड ऐटीत बसलेले.

एके दिवशी लासूर स्टेशनचे काकासाहेब आले. "माझ्या मायला दवाखान्यात न्यायचं असतं. एकदम भारीतलं द्या, ते शर्यतीचं!" बद्रीनाथ म्हणाला, "घरच्या गाडीला साधेच बरे." पण ऐकतो कोण? काकासाहेब पडले शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन. शर्यतीचं ते चांगलंच, हा त्यांचा हिशेब. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

थंडी पडली आणि त्यांची बायको आशाबाई गाडी घेऊन एकटीच आली. चेहरा उतरलेला.

"भाऊ, पहाटे निघालं की पहिले काही ब्रेक लागतच नाहीत. काल रेल्वेच्या फाटकाशी गाडी सरकतच गेली. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. आता आत्याबाई गाडीत पाय ठेवीनात. मरायचंच तर घरी मरते म्हणतात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे त्यांचं. उद्या चुकलं तर काय होईल?"

"गाडी पुढं गेल्यावर लागतात का?"

"मग एकदम झकास लागतात."

'मी सांगितलं होतं' असं बद्रीनाथ एका शब्दानंही बोलला नाही. काय मोठ्या मनाचा माणूस! त्यानं आधी बाकी सगळं तपासलं. पेडल दाबून धरलं, ते खाली बसत नव्हतं, म्हणजे नळीत गळती नाही. तेल पुरेसं होतं. चकत्या स्वच्छ होत्या. मग त्यानं ते ऐटबाज पॅड काढून हातात घेतले. "ताई, हे तापल्याशिवाय धरत नाहीत. शर्यतीत गाडी पळून पळून तापलेली असते. तुम्ही पहाटे दारातून निघता. तुम्हाला पहिल्याच दाबाला धरणारा पाहिजे."

आणि त्याचा हात माझ्या करड्या खोक्याकडे आला. मित्रांनो, माझा ऊर भरून आला!

परतताना मोकळा रस्ता पाहून आशाबाई मला हळूहळू दाबत गेली. नव्या पॅडची आणि चकतीची अशी ओळख करून द्यावी लागते. घरी सारी हकिगत ऐकून आशाबाईच्या सासूबाई, साळूबाई, लेकावर बरसल्या, "शंकरपटाचा बैल जुंपून मला दवाखान्यात नेत होतास व्हय रे?" मग त्या दोघांना म्हणाल्या, "पण हा नवा तरी धरंल कशावरनं? उद्या पहाटं गारढोण गाडी माझ्यासमोर थांबवून दाखवा. तवाच बसन."

पहाटे साळूबाईंनी लग्नातला पितळी पानाचा डबा आणून रस्त्याच्या मधोमध ठेवला. डॉक्टरांनी पान सोडायला लावलं होतं, तरी डबा त्यांनी सोडला नव्हता. "याच्या अलीकडं थांबली पाहिजे," असं म्हणून त्या काठी टेकून कडेला उभ्या राहिल्या.

मी गारठलो होतो. जीव मुठीत धरला होता म्हणा ना! डबा चेपला तर साळूबाई पुन्हा गाडीत बसणार नव्हत्या. आशाबाईनं वेग घेतला आणि पेडल दाबलं. मी चकतीला अस्सं धरलं, की गाडी डब्याच्या वीतभर अलीकडे थांबली.

साळूबाई पुढे आल्या. वाकून चाकाला हात लावला. "लई गुणाचा हाय गं," म्हणाल्या, आणि डबा उचलून गाडीत बसल्या. धन्य ती म्हातारी, आणि धन्य तिची सून!

त्यानंतर कितीतरी हिवाळे मी त्यांना नेलं-आणलं. गेल्या महिन्यात मी अगदी झिजलो. झिजलो की आमच्या पाठीचा बारीक पत्रा चकतीला घासून चीं चीं करतो. काकासाहेबांनी गाण्याचा आवाज वाढवला. साळूबाईंनी गाणंच बंद करायला लावलं. "चाक रडतंय, ऐकू येत नाय का?"

बद्रीनाथच्या दुकानात काकासाहेब स्वतः म्हणाले, "साधेच द्या. पहाटं धरणारे." मला भंगारात टाकणार, तोच गाडीतून डायलिसिसची पट्टी बांधलेला साळूबाईंचा हात बाहेर आला. "त्याला हिकडं दे."

आता मी त्या पितळी डब्यात, अडकित्त्याशेजारी असतो. मित्रांनो, झगमगाट पाहून भुलू नका. आपलं काम कोणतं, ते पाहून वस्तू निवडा. आणि आमची चीं चीं ऐकू आली, तर गाण्याचा आवाज वाढवू नका. आम्ही उगाच ओरडत नाही.

आज पहाटेही साळूबाई निघाल्या, डबा मांडीवर घेऊन. बाहेर कडाक्याची थंडी. फाटक बंद होतं. नव्या पॅडनं पहिल्याच दाबाला गाडी थांबवली. साळूबाईंनी डब्यावर हलकेच थाप मारली, "शाबास रे माझ्या राजा!"

गाडी थांबवली त्यानं, आणि शाबासकी मला!